आधी गाव, मग मनोरा

वस्त्यांच्या आखणीवरच्या या सदरात आज एका स्थलांतराचा विचार करायचा आहे. भाविक वाढले, जुनी जागा अपुरी पडू लागली, की चर्चच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो नव्या इमारतीत किती माणसे मावतील हा. माझ्या मते तो सर्वांत शेवटी यायला हवा. आपण का हलतो आहोत आणि नव्या जागेभोवती माणसे कशी नांदतील, हे आधी ठरले पाहिजे. याचा भक्कम दाखला इंग्लंडमधल्या सॉल्सबरीने आठशे वर्षांपूर्वी घालून दिला आहे. ओल्ड सारमच्या टेकडीवरचे, किल्ल्याच्या तटाआडचे कॅथेड्रल सोडून तिथल्या बिशपांनी खाली एव्हन नदीकाठच्या कुरणात नवे कॅथेड्रल बांधले.

पोप होनोरियस तिसरे यांनी 1218 मध्ये या स्थलांतराला परवानगी दिली. त्यासाठी मांडलेली गाऱ्हाणी अगदी रोजच्या जगण्यातली होती. वाऱ्याच्या घोंगावण्यात उपासना ऐकू येत नसे, पाणी विकत घ्यावे लागे, खडूच्या पांढऱ्या जमिनीवरच्या लखलखाटाने डोळ्यांना इजा होई, धर्मगुरूंना घरे पुरत नसत आणि किल्ल्यातल्या सैनिकांच्या मर्जीवाचून ये-जा करणे अवघड होते. 28 एप्रिल 1220 रोजी पायाभरणी झाली. बिशप रिचर्ड पूर यांनी 1225 मध्ये पूर्वेकडच्या तयार भागातल्या वेदींचे अभिषेक करून उपासना सुरू केली आणि त्याच वर्षी नगरवासीयांच्या भूखंडांच्या अटीही ठरवल्या. भाडे होते वर्षाला 12 पेनी. 1227 मध्ये राजाची सनद आली आणि बाजाराला आधार मिळाला. मुख्य इमारत 1258 मध्ये पूर्ण झाली, तोवर भोवती नांदते गाव उभे राहिले होते.

यावर कोणी म्हणेल, बिशपांकडे स्वतःची जमीन होती, राजाचा पाठिंबा होता. वर्गणीवर चालणाऱ्या आजच्या पॅरिशला हे कसे जमावे? पण इथे शिकायचे आहे ते कामाच्या क्रमाबद्दल, आणि क्रम पाळायला खजिना लागत नाही. टप्प्याटप्प्याने बांधणे उलट कमी पैसेवाल्यांच्याच सोयीचे असते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रार्थनेने पावन झालेली जागा सोडायची कशी? सॉल्सबरीकरांनी 1226 मध्ये तीन जुन्या बिशपांचे अवशेष नव्या कॅथेड्रलमध्ये आणले, पुढे जुन्या कॅथेड्रलचा दगड नव्या आवाराच्या भिंतीला वापरला. स्मृती सोबत नेता येते, पण ती नेण्याची तजवीज आधी करावी लागते.

तरीही या आराखड्यात एक मोठी उणीव राहिली, ती मागे उरलेल्यांची. बिशप बिंगम यांनी 1244 मध्ये नवा पूल बांधल्यावर रहदारी सॉल्सबरीकडे वळली आणि शेजारच्या विल्टनचा व्यापार खालावला. ओल्ड सारम तर ओस पडले. 1832 पर्यंत ते संसदेत दोन सभासद पाठवत राहिले, पण तिथे वस्ती जवळजवळ नव्हतीच.

वाढीला मर्यादा असते, हेही याच इमारतीत दिसते. चौदाव्या शतकात तिच्यावर मनोरा आणि कळस चढवला गेला. उंची 123 मीटर, वजन सुमारे 6,500 टन. खाली पाया जेमतेम सव्वा मीटर खोल. मधले चार खांब या भाराने वाकले, ते आजही नुसत्या डोळ्यांना दिसते. पुढे कमानींचा आधार द्यावा लागला. मनोरा देखणा आहे आणि टिकला आहे, हे खरे. पण त्याची किंमत पायाने आणि पुढच्या पिढ्यांनी मोजली.

म्हणून नव्या जागेचा विचार करणाऱ्या चर्चने नकाशा काढायच्या आधी दोन उत्तरे लेखी मांडावीत: हलण्याची निकड नेमकी कोणती, आणि जुन्या परिसरात राहणाऱ्या म्हाताऱ्या, चालत येणाऱ्या भाविकांची सोय कोण पाहणार. ही उत्तरे सगळ्या मंडळींसमोर वाचून दाखवता येत नसतील, तर बांधकामाचा निधी गोळा करण्याची वेळ अजून आलेली नाही.