तीन मिनिटं, दोन्ही हात बिझी

आधी कबूल करून टाकतो. घरी पोअर ओव्हर कॉफी करायचा किडा डोक्यात शिरला, तेव्हा मी आधी खरेदी केली आणि नंतर विचार केला. बगळ्याच्या मानेसारख्या तोटीची किटली, सिरॅमिकचा ड्रिपर, काचेचं भांडं... कार्ड घासून मोकळा! आणि त्या सगळ्या थाटामाटात टाकली काय, तर कपाटात सहा महिने पडून असलेली पावडर. पहिला घोट घेतला आणि थेट बेसिन गाठलं. कडूझार, शिळी, वर कागदाचा वास. एवढ्या पैशांत कोपऱ्यावरच्या टपरीवर वर्षभर कटिंग आला असता, बॉस!

माझ्यापेक्षा मेलिटा बेंट्झ हुशार. जर्मनीतल्या ड्रेस्डेनची ही गृहिणी कपातल्या गाळाला आणि कडवटपणाला वैतागली होती. तिने एक पितळी भांडं घेतलं, खिळ्याने त्याच्या बुडाला भोकं पाडली आणि आत मुलाच्या वहीतला टीपकागद घातला. त्यावर कॉफी, त्यावर गरम पाणी. खाली आली ती स्वच्छ, बिनगाळाची कॉफी. १९०८ मध्ये तिने त्याचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी कंपनीही काढली. म्हणजे आज आपण ज्याला एकदम हटके समजतो, ते मुळात घरातल्या वस्तूंचं जुगाड आहे.

त्यामुळे पहिला फंडा क्लिअर करून घ्या : पैसे भांड्यांवर नाही, बियांवर घालवा. प्लॅस्टिकचा साधा ड्रिपर मस्त चालतो. उलट प्लॅस्टिक उष्णता कमी ओढून घेतं. बिया मात्र ताज्या हव्यात. पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. महिन्याभराच्या आतली असेल तर उत्तम. त्यासाठी परदेशाकडे बघायची गरज नाही. चिकमगळूर, कूर्ग, अराकू इथल्या अरेबिका कॉफीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. चिकोरी मिसळलेली पावडर मात्र दुधाच्या फिल्टर कॉफीसाठीच ठेवा. आणि हाताने फिरवायचा छोटा ग्राइंडर घ्या, कारण दळल्यावर कॉफीचा वास भराभर उडतो.

आता कृती. एका कपाला १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी. वजनकाटा हवाच; चमच्याचा अंदाज रोज वेगळा निघतो. दळायची साधारण रव्याएवढी. ड्रिपरमध्ये कागद बसवून त्यावरून गरम पाणी ओता आणि ते फेकून द्या. कागदाचा वास जातो, भांडंही गरम होतं. (माझं पहिल्या दिवशी राहिलं ते हेच.) पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबा. मग कॉफीवर फक्त ४५ ग्रॅम पाणी घाला आणि ४० सेकंद नुसतं बघत बसा. ताजी कॉफी फुगून वर येते, बुडबुडे फुटतात. भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. तो निघाला की पाणी आतपर्यंत नीट शिरतं. मग बारीक धारेने, गोल गोल, दोन-तीन टप्प्यांत उरलेलं पाणी. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास आटपायला हवं.

आंबट, पाणचट लागली? पुढच्या वेळी थोडी बारीक दळा. कडू आणि तुरट लागली? थोडी जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर चूक कुठे झाली ते कळतच नाही.

पण मला या कॉफीचं व्यसन लागलं ते चवीमुळे नाही. आईचा फोन रोज सकाळी सव्वाआठला येतो. दोन वर्षं माझी उत्तरं ठरलेली : ‘हं... हं... बोल.’ कान तिकडे, अंगठा ऑफिसच्या मेलवर. एकदा तिने बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख सांगितली. दोन दिवसांनी मीच तिला विचारलं, ‘ऑपरेशन? कसलं ऑपरेशन?’ ती काहीच बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता सव्वाआठला पाणी उकळलेलं असतं. एका हातात किटली, दुसऱ्याने ड्रिपर धरलेला, नजर काट्यावर. फोन स्पीकरवर, हाताच्या बाहेर. धार सोडून मेल उघडायची सोयच नाही! रिकामे उरतात ते फक्त कान. त्या तीन मिनिटांत मला कळलं की बाबा हल्ली संध्याकाळी एकटे फिरायला जात नाहीत, आणि आईने शेजारच्या काकूंबरोबर हार्मोनियमचा क्लास लावलाय.

परवा ती म्हणाली, ‘काय रे, हल्ली तुझी उत्तरं बरोबर येतात!’

तेव्हा मंडळी, उद्या करून बघा. पहिला कप बिघडेल, बिघडू दे. दळण बदला, धार बदला. फक्त किटली हातात असताना फोन उचलायचा नाही, एवढं पाळा.