प्रयोगशाळेचे दार कलाशाखेलाही उघडा!

— एक विद्यार्थी, एस. वाय. बी. ए., मोरा

आपल्याकडे दहावीच्या निकालाबरोबर मुलांची वाटणी होते. हुशार तो सायन्सला, व्यवहारी तो कॉमर्सला आणि उरला तो आर्ट्सला! एकदा ही वाटणी झाली की सायन्सवाल्याने कविता वाचली तर ती हौस ठरते. आर्ट्सवाल्याने हातात पकड-पाना घेतला तर तो मात्र रिकामा उद्योग! या समजुतीला माझा विरोध आहे. परंतु नुसती तक्रार करून काय साधणार? म्हणून एक साधे उपकरण आणि आमच्या मोरा बंदराचा थोडासा इतिहास यांच्या आधाराने मी माझे म्हणणे वाचकांपुढे मांडतो.

उपकरणाचे नाव चुंबकीय ढवळणी. प्रयोगशाळेत तिला मॅग्नेटिक स्टरर म्हणतात. अशा ढवळणीचे पेटंट आर्थर रोझिंजर यांना अमेरिकेत १९४४ साली मिळाले. भांड्याच्या तळाशी एक लहानशी चुंबकाची कांडी टाकायची आणि भांड्याखाली दुसरे चुंबक फिरवायचे. खालचे फिरले की वरची कांडीही फिरते आणि पाण्यात भोवरा तयार होतो. आत हात नाही, पळी नाही. त्यामुळे बाहेरची घाणही नाही.

हे यंत्र मी घरी केले. जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा भंगारवाल्याकडून आणला. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून दोन चुंबके काढून ती पंख्याच्या मध्यभागी समोरासमोर चिकटवली. त्यातल्या एकाचा उत्तर ध्रुव वर आणि दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव वर हवा, नाहीतर कांडी नीट धरली जात नाही. वर झाकण म्हणून प्लॅस्टिकचा डबा वापरला. पत्र्याचा डबा येथे चालत नाही, कारण चुंबक त्यालाच ओढू लागते! पंखा मोबाइलच्या जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरवर जोडला, म्हणजे तो बेताने फिरतो. कांडी तेवढी विकत घ्यावी लागली. बरणी सपाट तळाची हवी. तळ फुगीर असला की कांडी उडून बाजूला पडते.

आता ढवळायचे काय? तर यीस्ट, म्हणजे किण्व. पाव फुगवणारा आणि ताडी आंबवणारा हाच तो सूक्ष्म जीव. परदेशात घरच्या घरी बिअर करणारे हौशी लोक मूळ रसात घालण्याआधी किण्व अशा ढवळणीवर वाढवून घेतात. किण्वाच्या पेशी आपल्या वजनाने तळाशी बसतात. ढवळल्याने त्या तरंगत राहतात आणि त्यांना सगळीकडचे अन्न मिळते. पाण्यात साठलेला कर्बवायू निघून जातो, हवेतला प्राणवायू मिसळतो आणि पेशींची संख्या झपाट्याने वाढते. मी लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम गूळ उकळून ते थंड केले, दोन बरण्यांत निम्मे निम्मे ओतले आणि दोन्हींत सारखेच चिमूटभर यीस्ट टाकले. एक बरणी ढवळणीवर ठेवली, दुसरी स्वस्थ. दुसऱ्या दिवशी दोन्ही निवळू दिल्या, तेव्हा ढवळलेल्या बरणीतला साका डोळ्यांना दिसेल इतका जाड होता. वरचे पाणी ओतून दिले. साका आईने पावाच्या पिठात मळला.

माझे वडील होडीवर खलाशी आहेत. शाळा चौथीत सुटली, पण होडीचे इंजिन ते नुसत्या आवाजावरून ओळखतात. त्यांनी ढवळणी बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, “कालेजान ह्याच शिकवतान काय र?” मी काय उत्तर देणार? कॉलेजात हे शिकवीत नाहीत. निदान आम्हाला तरी नाही.

गंमत अशी की किण्वाची विद्या आमच्या गावाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात उरण हे मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचे मोठे केंद्र होते. भट्ट्यांचे मालक बहुतेक पारशी. मोहाची फुले पंचमहालासारख्या लांबच्या मुलुखातून येत आणि तयार माल मोरा बंदरातून मुंबईला जाई. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला आणि दारू गाळण्यावर सरकारची पकड घट्ट झाली. १८९२ साली तर खास मोहाच्या फुलांचाच कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावर त्याने निर्बंध आणले. ज्या आदिवासींना मोह म्हणजे अडीअडचणीचे अन्नही होते, त्यांच्या घरातले वाळवण संशयास्पद ठरले! कारखान्यात तो धंदा. झोपडीत तोच गुन्हा. पुढे २०२२ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोहाच्या आणि काजूच्या दारूला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचे ठरवले. आपल्याच रानातले फूल, आणि त्याला विदेशी म्हटल्यावर मान!

येथे कोणी म्हणेल, हा पोरगा दारूची तरफदारी करतो आहे. मुळीच नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी बिअरसुद्धा करता येत नाही, आणि तो कायदा मोडा असे मी सांगत नाही. दारूने मोडलेले संसार आमच्या आळीतही आहेत. पण अज्ञानाने माणूस दारूपासून वाचतो काय? २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. मारक ठरले ते मिथेनॉल, म्हणजे कारखान्यात लागणारे रसायन. मिथेनॉल काय असते, ते डोळ्यांवर आणि मज्जातंतूंवर कसा घाला घालते, हे मेलेल्यांपैकी किती जणांना कधी कोणी समजावून सांगितले असेल? ज्ञान बंद दाराआड ठेवले की त्याची किंमत गरिबालाच मोजावी लागते.

याउलट एक उदाहरण पाहा. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढवण्याची रीत सिद्ध केली. त्यापूर्वी पेयाचा घाणा का बिघडतो हेच नीट उमगत नसे. मालकाला ती रीत कुलूपबंद ठेवता आली असती. परंतु ती जगाला खुली करण्यात आली आणि ते किण्व इतरांनाही देण्यात आले. विद्या वाटल्याने कारखाना बुडाला नाही; तो आजही चालू आहे.

मग आपल्या महाविद्यालयांनीच दारे का लावून घ्यावीत? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती नसाव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. धोरण कागदावर आहे, भिंत मात्र विटांची! माझी मागणी मोठी नाही. आठवड्यातून एक दुपार विज्ञानशाखेच्या प्रयोगशाळेत आम्हाला येऊ द्यावे. सूक्ष्मदर्शकाखाली ताडीचा एक थेंब पाहू द्यावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने भट्ट्यांचा कायदा वाचावा आणि त्याच आठवड्यात किण्वही पाहावे. भांडी फुटतील, अशी भीती वाटत असेल तर अनामत रक्कम घ्यावी. मात्र ती आम्हाला परवडेल अशी असावी.

हा प्रश्न माझ्यासारख्यांच्या दृष्टीने हौसेचा नाही. आमच्या घरात पदवी पहिल्यांदाच येणार आहे. मी आर्ट्स घेतले ते सायन्सचा आणि शिकवणीचा खर्च झेपणार नव्हता म्हणूनही, आणि इतिहास आवडतो म्हणूनही. आता २०२४ च्या जानेवारीपासून उरणपर्यंत लोकल धावू लागली आहे. ओहोटीला मोऱ्याच्या गाळात अडणाऱ्या लाँचची वाट न पाहता मुंबईच्या नोकरीपर्यंत जाता येते. जाणे सोपे झाले, पण जाताना बरोबर काय न्यायचे? नुसती प्रमाणपत्राची गुंडाळी नेली तर वडिलांचे हात एका बाजूला आणि माझे पुस्तक दुसऱ्या बाजूला राहील. मग एका पिढीचे शहाणपण दुसरीच्या उपयोगी कसे पडायचे? शिक्षणाने ही फारकत करू नये, एवढेच माझे मागणे आहे.

ढवळणी मी या वर्षअखेर महाविद्यालयाला देणार आहे. ती कपाटात न ठेवता टेबलावर ठेवावी. ज्याला लावून पाहायची असेल त्याला पाहू द्यावी, शाखा न विचारता.