मराठीला कायमचे कोशदप्तर हवे

मा. संचालक, राज्य मराठी विकास संस्था, मुंबई यांस,


शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध करविला, तेव्हा दरबारातील फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्यामागे नव्या राज्याच्या स्वत्वाचा उघड संकल्प होता. पुढे दीड शतकाने, १८३१ साली, मोल्सवर्थ व कँडीबंधू यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईस निघाला, तो मात्र परक्या अंमलदारांना रयतेची भाषा उमगावी म्हणून. मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच विस्ताराने सांगणारा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत पूर्ण झाला. मराठी भाषकांचे राज्य त्यानंतर बावीस वर्षांनी अस्तित्वात आले.

कोश आधी आणि राज्य मागाहून, हा क्रम जर्मनीतही दिसतो. ग्रिम बंधूंनी १८३८ साली जर्मन कोशाचे कार्य अंगीकारले, तेव्हा तो देश अनेक संस्थानांत विखुरलेला होता. पहिला खंड १८५४ साली निघाला, याकोब ग्रिम १८६३ साली निवर्तले, आणि ज्या १९६१ साली बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली, त्याच वर्षी पूर्व बर्लिन व गटिंगेन येथील विद्वानांच्या संयुक्त परिश्रमांनी तो सिद्धीस गेला. राज्ये उदयास आली आणि दुभंगली, तरी कोशाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले, कारण त्यामागे व्यक्तीच्या आयुष्याहून दीर्घ अशी व्यवस्था उभी होती.

भाषेची अस्मिता शब्द वगळून सिद्ध होत नाही, हा आपल्या इतिहासाचा निर्वाळा आहे. ‘राजव्यवहारकोशा’नंतरही जमीन, वकील, अर्ज, तारीख हे शब्द मराठीतच नांदले, आणि ते आज कोणासही परके वाटत नाहीत. म्हणून चक्रधरांच्या ‘लीळाचरित्रा’पासून पेशवे दप्तरातील मोडी कागदांपर्यंत प्रत्येक शब्दाचा कालनिर्देशासह दाखला देणारा, आणि वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांसह तंजावरच्या मराठीलाही मानाचे स्थान देणारा ऐतिहासिक कोश हाती घेणे, हे आता राज्याचे कर्तव्य ठरते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या सन्मानास साजेसे असे, वेतनी संपादक, निश्चित तरतूद आणि सर्वांना विनामूल्य खुला असणारा संग्रह यांनी युक्त असे कायमचे कोशदप्तर स्थापन करण्याचा प्रस्ताव आपण शासनापुढे ठेवावा, आणि तो मंजूर होईतो त्याचा पाठपुरावा सोडू नये, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक मराठी वाचक