अक्षर कोणाचे?

लेखकाला पुस्तकात भेटावे, घरी जाऊन भेटू नये, असे जाणती माणसे सांगत आली आहेत. पण वाचक ऐकतो थोडाच! एखाद्या पुस्तकाने रात्र जागवली, की सकाळी त्याला लेखकाचा पत्ता हवा असतो. साऱ्या जगाच्या मुलांना परीकथा सांगणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन, तोही यातून सुटला नाही. चार्ल्स डिकन्स हे त्याचे दैवत. १८५७ साली तो डिकन्सच्या केंटमधल्या घरी दोन आठवड्यांसाठी म्हणून गेला आणि पाच आठवडे राहिला. तो गेल्यावर, हे पाच आठवडे घरच्यांना युगांसारखे वाटले, अशा अर्थाची चिठ्ठी डिकन्सने त्या खोलीत लावली. पुढे त्याने पत्रे लिहिणेही थांबवले.

बरे, पाहुण्याचे सोडा. नाताळच्या शेकोटीभोवती जमलेले कुटुंब ज्याने घरोघर पोहोचवले, त्याच डिकन्सने पुढच्याच वर्षी आपल्या पत्नीला, दहा मुलांच्या आईला, घराबाहेर वेगळे राहायला लावले आणि त्याचा खुलासा स्वतःच्या साप्ताहिकात छापला!

ही झाली विलायतेची हकीकत. माझी दादर ते पुणे एवढीच आहे. त्या लेखकाचे नाव मी सांगणार नाही. त्यांचे ललितलेख एके काळी मध्यमवर्गीय घरांतून मोठ्याने वाचले जात, एवढे पुरे. मोलकरणीची भेगाळलेली टाच, आईचा चुलीपुढचा घाम, असे काही त्यांनी लिहिले, की आमचे अण्णा चष्मा काढून पुसत.

१९७१ साली माझा धाकटा भाऊ विषमज्वराने गेला. अकरा वर्षांचा होता. अण्णा कोणापाशी बोलले नाहीत. त्यांनी त्या लेखकाला पत्र लिहिले. आठव्या दिवशी उत्तर आले. साधे पोस्टकार्ड, वळणदार अक्षर. मुलाची वही टाकून देऊ नका, उरलेल्या कोऱ्या पानांवर घरचा हिशेब लिहीत जा, म्हणजे रोज त्याचा हात हाताला लागेल, असे त्यात होते. अण्णांनी तसे केले. गुणाकाराच्या पाढ्यांनंतर दूध, रॉकेल, शाळेची फी, असा त्या वहीचा पुढचा भाग आहे. वही संपेपर्यंत अण्णा सावरले होते. कार्ड मात्र ज्ञानेश्वरीत राहिले.

अण्णा गेल्यानंतर, १९७८ च्या मे महिन्यात, ते कार्ड पर्समध्ये घालून मी पुण्याला गेले. आभार मानायचे होते, दुसरे काही नको होते.

लेखक झोपाळ्यावर बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी विचारले, “कुठल्या मासिकाकडून आलात?” मी मासिकाकडून नाही म्हटल्यावर त्यांचा निम्मा रस गेला. मग अर्धा तास त्यांनी एका पुरस्काराची कथा सांगितली. तो कोणाला मिळाला, का मिळाला, आणि देणाऱ्यांना साहित्यातले काय कळते! मध्येच आतल्या बाजूला पाहून ओरडले, “अगं ए, चहाला मुहूर्त लागतो का? कितीदा सांगायचं! अक्कल म्हणून नाही.” माझ्यासारख्या परक्या मुलीसमोर! आतून उत्तर आले नाही. कपबशीचा आवाज तेवढा आला.

मी कार्ड पुढे केले. त्यांनी ते हातातही घेतले नाही. “छे, असली रडकी पत्रं मी वाचत नाही. वेळ कुठे आहे? ते सगळं ही बघते.”

चहा घेऊन त्या बाहेर आल्या होत्या. साठीच्या, किरकोळ, हातात दोनच बांगड्या. त्यांनी कार्डाकडे पाहिले आणि ट्रे खाली ठेवून माझ्याजवळ बसल्या.

“त्याला पतंगाचं वेड होतं, नाही का गं? तुझ्या वडिलांनी लिहिलं होतं. आई कशी आहे आता?”

सात वर्षांपूर्वीचे पत्र त्यांच्या ध्यानात होते.

परतीच्या गाडीत मी रागाने धुमसत होते. चहावरून ओरडणे एकवेळ पोटात घालता आले असते. पण आमच्या घरातल्या सर्वांत वाईट दिवसांत जो माणूस आमच्या पाठीशी उभा आहे असे अण्णा समजत होते, त्याला आम्ही जगात आहोत हेच ठाऊक नव्हते. घरी आल्यावर आईला सारे सांगितले. ती म्हणाली, “कार्ड खरं होतं ना? मग ज्याचं त्याला पोहोचवायला हवं.” त्या दिवाळीला आईने शुभेच्छापत्र पाठवले, ते त्या बाईंच्या नावाने. उत्तर आले. खाली प्रथमच त्यांची स्वतःची सही होती.

थोर माणसांच्या घरातले हे आतले दालन मराठी वाचकाला नवे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे फुलामुलांचे कवी. त्यांचा संताप, हाती आलेला पैसा वाटून टाकणे, न सांगता घराबाहेर पडणे, हे सारे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले. १९३४ पासून ते पुस्तक मराठी घरात आहे. त्यात टिळक लहान होत नाहीत, आणि लक्ष्मीबाईंनी सोसलेलेही लपत नाही. तिकडे रशियात टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’ची खाडाखोडीने भरलेली पाने त्यांची पत्नी सोफिया रात्री जागून पुन्हा पुन्हा स्वच्छ लिहून काढत असे.

त्या लेखकाची पुस्तके मी रद्दीत घातली नाहीत. ती आजही चांगली आहेत; वाचताना गळा दाटतो. मात्र चुलीपुढच्या घामाचा तो लेख आला, की तो लिहिला जात असताना चुलीपुढे कोण होते, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

“मोठ्या माणसांचे असेच असते,” हे वाक्य आपण फार सहज बोलतो. प्रतिभेला ही सूट आपण देतो खरी, पण तिचे पैसे आपल्या खिशातून जात नाहीत. ते स्वयंपाकघरातले कोणीतरी भरत असते, आणि पावतीवर त्याचे नाव नसते.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत एखाद्या आवडत्या लेखकाला भेटायला गेलात, तर जरूर जा. लाडू घेऊन जा. पण चहा घेऊन जे कोणी बाहेर येईल, त्याचे नाव विचारायला विसरू नका.