निदानाच्या रकान्यातलं प्रश्नचिन्ह

प्रति,
सचिव, माजी सैनिक कल्याण विभाग,
संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

हे पत्र मी न्यूझीलंडमधल्या पोरिरुआहून लिहिते आहे. वेलिंग्टनच्या उत्तरेला, खाडीकाठी वसलेलं हे शहर. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. गावात घरटी एक फौजी. माझे थोरले बंधू, आमचे आप्पा, १९ वर्षं पायदळात होते. दर रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलतो. अर्ध्या तासात आप्पा दोनदा तरी घाईने उठून जातात. मग वहिनी फोन हातात घेतात आणि पावसापाण्याचं बोलू लागतात. कुठे गेले, हे कुणी विचारत नाही.

दुखणं नोकरीतच लागलं. जुलाब, रक्त, ताप. वजन उतरत गेलं. युनिटच्या दवाखान्यात (एमआय रूममध्ये) आधी आमांशाच्या गोळ्या मिळाल्या. मग आतड्याचा क्षय समजून सहा महिने औषधं झाली. मग क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या जुनाट सुजेचा आजार, म्हणाले. पुढच्या कोलोनोस्कोपीनंतर, अल्सरेटिव्ह कोलायटिस असावा, असं मत पडलं. शेवटी सैन्याचा वैद्यकीय बोर्ड झाला आणि शेरा आला : आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारण एका शब्दाचं, ‘कॉन्स्टिट्यूशनल’. म्हणजे देहाची घडणच तशी.

डॉक्टरांना नाव ठरवता आलं नाही, याची माझी तक्रार नाही. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून पाहिले तरी, अगदी बायोप्सीतही, एकसारखे दिसू शकतात. भारतात क्षय इतका आहे, की आधी त्याची औषधं देऊन बघतात. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस यांचंही तसंच. या आजारांमुळे मोठ्या आतड्याला सूज असलेल्या साधारण दहातल्या एका रुग्णात दोन्ही वेगळे सांगता येत नाहीत. अमेरिकेचे जनरल आयसेनहॉवर यांना पोटाचे झटके कित्येक वर्षं येत होते. महायुद्ध लढून ते राष्ट्राध्यक्ष झाले, पण क्रोन्सचं निदान आणि शस्त्रक्रिया झाली १९५६ साली. सेनापतीच्या पोटाचं कोडं सुटायला एवढा काळ लागला, तर जवानाचं बोर्डाच्या तारखेपर्यंत सुटेलच असं नाही.

माझी तक्रार आहे ती, ही शंका जवानाच्याच खात्यावर लिहिली जाते याची. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांचं नेमकं कारण वैद्यकाला अजून पुरतं उलगडलेलं नाही. आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती, आतड्यातले जिवाणू अशा अनेक गोष्टी त्यात गुंतल्या आहेत. पोटाच्या संसर्गानंतर धोका वाढतो, असंही अभ्यास सांगतात. मग सेवेचा संबंध नाहीच, हे एका शब्दात ठरतं कसं? आणि वाढण्याचं काय? वेळेवर औषध नाही, सोसेल ते जेवण नाही, आडोशाला संडास नाही, अशा चौकीवर या दुखण्यासह काढलेल्या रात्रींचा हिशेब कोणत्या रकान्यात होतो?

यावर आपल्याकडे चांगला कायदा आहे. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या दावेदाराला सेवेशी संबंध सिद्ध करायला लावू नये, वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यावा, हे १९८२ च्या नियमांत लिहिलेलं होतं. धरमवीर सिंग १९८५ साली भरती झाले आणि १९९४ साली फिट्सच्या आजारामुळे सैन्यातून बाहेर पडले. त्यांच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत आला असं धरावं; तसं नाही म्हणायचं असेल, तर बोर्डाने कारणं द्यावीत. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. भाषा बदलली, तरी हे तत्त्व पुसलं जाऊ नये.

मी राहते तो देशही सगळ्यांना न्याय देतो असं नाही. इथे १ एप्रिल १९७४ नंतरच्या नेहमीच्या सेवेतल्या आजारांना माजी सैनिकांच्या कायद्याचं छत्र नाही. ते मोहिमांवर गेलेल्यांपुरतं आहे. पण २०१४ च्या त्याच कायद्याने अधिकाऱ्यांना बजावलं आहे, की दाव्याकडे उदारपणे पाहा, तांत्रिक मुद्द्यांवर अडू नका. कोणत्या आजाराचा सेवेशी संबंध कशाकशाने मानायचा, याची ऑस्ट्रेलियातल्या स्वतंत्र वैद्यकीय मंडळाने केलेली लेखी तत्त्वंही हा देश वापरतो. ती कुणालाही वाचता येतात. नाकारलं, तर कशावर नाकारलं ते कळतं.

महोदय, माझी मागणी साधी आहे. निदान अनिश्चित असेल तर बोर्डाने तसंच लिहावं आणि अपंगत्वाची टक्केवारी आजाराच्या नावावरून न ठरवता हालांवरून ठरवावी : दिवसातून किती वेळा जावं लागतं, रात्री किती वेळा उठावं लागतं, रक्त किती गेलं, वजन किती घटलं, इस्पितळात किती दिवस गेले. हा आजार चढतो-उतरतो. बोर्डाच्या दिवशी पोट शांत असेल, तर आधीच्या वर्षाची कागदपत्रं पाहावीत. पुढे निदान बदललं, तर जवानाला पहिल्यापासून दार ठोठावायला लावू नये.

आप्पांच्या ट्रंकेत भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद आहे. घडी पडून पडून तो मधोमध फाटला आहे. त्यावर सैन्याच्याच डॉक्टरने ‘फिट’ लिहून सही केली आहे. पुढच्या १९ वर्षांत काय झालं, त्याचं नाव आजही कुणाला सांगता येत नाही. पण सुरुवात कुठून झाली, हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही निदान तेवढं तरी खरं धरा.

आपली नम्र,
एका फौजीची धाकटी बहीण
पोरिरुआ, न्यूझीलंड