डोक्याचा मार आणि 'चल, ऊठ'

डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, आणि हे प्रत्येक प्रशिक्षकाला शिकवलेच पाहिजे, अशी आमची भूमिका आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात क्रिकेटपटू शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी हर्षित राणा बदली खेळाडू म्हणून आला. पण वाद रंगला तो डोक्याच्या मारावर नव्हे, बदली कोण यावरच!

क्रिकेटमध्ये २०१९ पासून निदान अशा बदली खेळाडूचा नियम तरी आहे. गावोगावच्या कबड्डीत कानशिलावर गुडघा बसला की तोंडावर पाणी मारून 'चल, ऊठ' म्हणायचे, एवढाच उपचार. शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदू सुखरूप, हा समज घातक आहे; बहुतेकदा शुद्ध जातच नाही. मळमळ, अंधारी, गोंधळ यांपैकी एक लक्षणही खेळाडूला बाहेर काढायला पुरेसे आहे. पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. मुले मात्र संघातली जागा जाईल म्हणून दुखणे दडवतात.

म्हणून डोक्याच्या माराबाबतचे प्रशिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकाला येत्या जिल्हा कबड्डी निवड चाचणीपासून संघासोबत मैदानात प्रवेश देऊ नये, आणि खेळाडूला बाहेर काढण्याचा अंतिम अधिकार प्रशिक्षकाकडे न ठेवता पंचांकडे द्यावा. राज्य कबड्डी संघटनेने तसा आदेश हंगामापूर्वी काढावा.