मालिका त्यांची, गाजवली आपण. मग हिशेब कोण मागणार?

१८ मे २०१९. बुद्धपौर्णिमा. त्या रात्री स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ सुरू झाली, तेव्हा आमच्या वर्ध्याच्या वस्तीत विहारासमोर टीव्ही मांडला होता. आज्या-माया चटया घेऊन आल्या होत्या. बालभीमाला वर्गाबाहेर बसवल्याचे पाहून ज्या बाया रडल्या, त्यातल्या कित्येक स्वतः शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. त्या रडण्याची थट्टा करणारे पोट्टेही दुसऱ्या दिवसापासून वेळेवर हजर राहू लागले.

तोवर मराठी मालिका म्हणजे सासू-सून, मंगळसूत्र आणि मोठ्ठा वाडा. त्या वाड्यात आपल्या घरासारखे घर नाही, भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो नाही. म्हणून ही मालिका आपण डोक्यावर घेतली. ती घरोघरी नेण्याचे अर्धे काम वाहिनीच्या जाहिरातींनी केले असेल, अर्धे आपल्या फोनने केले. आदर्श शिंदे यांच्या आवाजातले शीर्षकगीत रिंगटोन झाले, स्टेटस झाले, जयंतीच्या डीजेवर गेले. ज्याच्या घरी टीव्ही नव्हता त्याने शेजाऱ्याच्या हॉटस्पॉटवर भाग पाहिला. सागर देशमुख काही महिन्यांपूर्वी पडद्यावर पु. ल. देशपांडे झाले होते, हे आमच्याकडे फार कुणाला ठाऊक नव्हते. आमच्यासाठी ते बाबासाहेबच झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, चित्रीकरणे थांबली आणि १४ एप्रिलची जयंती घरात बसून करावी लागली. त्या दिवशी मिरवणूक निघाली ती मोबाइलमधूनच. सकाळपासून रात्रीपर्यंत क्लिपांवर क्लिपा.

पण यातले काहीच मोजले गेले नाही. टीआरपी ठरतो तो देशभरातल्या काही हजार घरांत बसवलेल्या यंत्रांवरून. त्या काळात अशी घरे ४४ हजारांच्या आसपास होती. विहारासमोर शंभर माणसांनी एक टीव्ही पाहिला तर त्या हिशेबात त्यांची किंमत शून्य. व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप तर त्या हिशेबात येतच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये, सतरा महिन्यांत, मालिका संपली. सासू-सुनांची भांडणे पाच-पाच वर्षे चालतात, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

कर्नाटकात काय झाले ते आपल्या कार्यकर्त्यांनी नीट पाहिले पाहिजे. अँड टीव्हीवर डिसेंबर २०१९ मध्ये ‘एक महानायक – डॉ. बी. आर. आंबेडकर’ ही हिंदी मालिका आली. २०२० मध्ये झी कन्नडने ती कन्नडमध्ये आणली. तिथे परभाषेतल्या मालिका डब करून दाखवायला अनेक वर्षे कडवा विरोध होता. तरीही ही मालिका लोकांनी उचलली, कारण गावोगावच्या तरुणांनी वर्गणी काढून मालिकेचे फ्लेक्स लावले. चित्रपटातल्या नटाचे लागतात तसे, एका टीव्ही मालिकेचे फ्लेक्स! वाहिनीचे प्रमुख राघवेंद्र हुणसूर यांना मालिका बंद करा म्हणून धमक्या आल्या. त्यांनी ते जाहीरपणे सांगितले आणि मालिका चालूच राहील असेही सांगितले. त्यांच्या मागे उभे राहिले ते हेच फ्लेक्स लावणारे लोक. चौकातला फ्लेक्स कुठल्या यंत्राने मोजावा लागत नाही.

याहून जुना दाखला दूरदर्शनचा. १९८८ मध्ये ‘रामायण’ संपत आले तेव्हा उत्तर भारतातल्या काही शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला. पुढची कथा दाखवा, वाल्मीकींचा आणि लव-कुशांचा भाग दाखवा, ही मागणी. आणि ‘उत्तर रामायण’ आले. त्या मागणीशी आमचे जमत नाही. ज्याने शंबुकाला मारले त्याच्या कथेसाठी झाडू खाली ठेवावा, हे आम्हाला पटणारे नाही. पण पाहणाऱ्याने काय पाहायचे ते मागितले आणि मिळवले, हे खरेच आहे. आपण काय मागितले?

इथे आम्हाला स्वतःवर बोलायचे आहे. गेल्या जयंतीला आम्ही वस्तीतल्या मुलांची प्रश्नमंजूषा घेतली. शाळेत पाणी कसे मिळायचे, बैलगाडीवाल्याने काय केले, हे दुसरीच्या मुलालाही पाठ. मग विचारले, १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब कोणत्या पदावर होते? शांतता. दहावीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘दादा, तेव्हा ते लंडनला शिकत होते का?’’ त्या मुलीचे वडील हंगामात हिंगणघाटकडे एका जिनिंगमध्ये बारा तासांची पाळी करतात. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते आणि १९४६ च्या कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, हे तिच्या घरात कुणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

याचा दोष मालिकेवर टाकणे सोपे आहे. हिंदी मालिका जवळपास दोन वर्षे बालपणातच रमली, हे खरे. पण आमच्या फोनमधल्या क्लिपा आम्ही उघडून पाहिल्या. अपमानाचे प्रसंग, बाणेदार उत्तरे, रमाईंचे अश्रू, मागे चढते संगीत. खोतीविरोधी लढा नाही, स्वतंत्र मजूर पक्ष नाही, ७ नोव्हेंबर १९३८ चा गिरणी कामगारांचा संप नाही. भंडाऱ्यात १९५४ ची पोटनिवडणूक बाबासाहेब हरले, तेही नाही, कारण हरलेल्या निवडणुकीचे स्टेटस कोण ठेवणार? ही निवड कुठल्या ब्राह्मणी माध्यमाने केलेली नाही, आपल्या अंगठ्याने केली आहे. आणि जे जास्त फिरते तेच वाहिनी पुन्हा बनवते. तिला धंदा करायचा आहे, चळवळ नाही.

विभूतिपूजेवर बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवरच्या भाषणात काय सांगितले आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल काय बजावले, ते आपण भाषणांत दरवर्षी सांगतो. मग त्यांच्याच मालिकेचे आपण निव्वळ भक्त कसे झालो? एका गटावर कुणीतरी मालिकेतल्या एका प्रसंगाच्या तारखेवर शंका घेतली तर त्याला ‘गद्दार’ म्हणून बाहेर काढले. काढणाऱ्यांत आमच्यातलेही दोघे होते. नंतर त्याला परत घेतले, पण तो आता काही लिहीत नाही.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पुढे बाबासाहेबांवर, फुल्यांवर, सावित्रीमाईंवर कुठलीही मालिका आली की पहिल्या आठवड्यात वाहिनीला पत्र जाईल: पटकथा कोण लिहिते, संशोधन कुणाचे, आणि मजूरमंत्री बाबासाहेब किती भागांत येणार? पत्र एकट्या वर्ध्याचे नसावे. पुलगाव, आर्वी, देवळीच्या मित्रांशी बोलणे झाले आहे, बाकीच्यांनी कळवावे.

दुसरे, आमच्या क्लिपा आम्हीच करणार. पहिलीत त्या मुलीचे वडील आहेत. नाव नाही, चेहरा नाही, फक्त आवाज. ते आपल्या पाळीचे तास सांगतात आणि मुलगी १९४६ चा कायदा वाचून दाखवते. दोन मिनिटे अकरा सेकंद झाली. गटातला एक जण म्हणाला, स्टेटसला लांब होते, तुकडे करा. तुकडे करायचे नाहीत असे ठरले आहे.